निळ्या टोपीखालचा लाल माणूस

८ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं तेव्हा मी तुझ्या दुकानात बसलो होतो, हे तुला माहीतच आहे. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं झाली. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण ते जाऊ दे. फोन लागत नाही म्हणून पत्र. इथल्या पोस्टातला माणूस म्हणाला, बारा दिवस लागतील.

काम छोटं आहे. आई मागच्या रविवारी फोनवर म्हणाली की तू गेमचं दुकान पुन्हा मांडतोयस, पंधरा मार्चला उघडणार, पहिल्याच दिवशी स्पर्धा ठेवलीस. आणि निळ्या कंपनीची चार नवीन मशीनं आणलीस. "तुझ्या भावाने चार डबे आणलेत," असं म्हणाली. अजून डबेच म्हणते ती. तर ते डबे उलटे कर. खाली, बारकोडच्या शेजारी नखाएवढी हिरवी चिकटपट्टी असते. तिच्यावरचे शेवटचे दोन आकडे बघ. ६३ असतील तर ते मशीन चालवू नकोस. दुसरे काही असतील तर बिनधास्त चालव.

का, ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच म्हणा.

आईला बघायला सांगितलं असतं, पण तिने लगेच तुला हाक मारली असती, "अरे, धाकटा आकडे विचारतोय," आणि तू म्हणाला असतास, त्याला सांग गप्प बस. ते मी फोनवर ऐकलं असतं. त्यापेक्षा पत्र बरं.

मी बरा आहे. जेवण मिळतं, पलंग मिळाला, वरचा. आईला गुडघ्यासाठी डॉक्टरकडे ने.

तुझा
धाकटा


१५ फेब्रुवारी

दादा,

पहिलं पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, तोवर दुसरं लिहितोय. ते वाचून तुला वाटेल याला वेड लागलंय. तर थोडं सांगतो.

मी कारखान्यात आहे एवढंच आईने तुला सांगितलं असेल. कसला ते मी तिला सांगितलेलं नाही. दादा, इथे गेमची मशीनं बनतात. एकाच इमारतीत दोन्ही. तिसऱ्या मजल्यावर लाल कंपनीचं, चौथ्यावर निळ्या कंपनीचं. मालक तिसराच कुणीतरी आहे, तो दोघांनाही बनवून देतो. आपण लहानपणापासून भांडलो, तू निळा, मी लाल, आणि ही दोन्ही मशीनं एका जिन्याच्या अंतरावर जन्माला येतात. पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं. मग त्यांनी मला टोपी दिली. निळी.

मी म्हटलं, "साहेब, लाल नाही का?" तो म्हणाला, "ही काय फॅशन आहे? चौथ्या मजल्यावर जा."

म्हणजे आठ महिने मी निळ्या टोपीखाली लाल माणूस आहे. हे इथे कुणाला माहीत नाही. तुला सांगतोय.

तुला वाटेल, कामगारांना काय पडलंय? पडलंय. जेवणघरात खिडकीकडची टेबलं लालवाल्यांची, भिंतीकडची निळ्यांची. ताट घेऊन चुकीच्या टेबलावर बसलास की चमचे वाजवतात. निळे ओरडतात, "काय रे, तुमचं मशीन आहे की इस्त्री? शर्ट देऊ का?" लाल ओरडतात, "तुमच्याकडे गेम किती? तीन? की दोन आणि एक येतोय?" रोज तेच. आपल्या दुकानातल्या दोन बाकांसारखंच, फक्त इथे दोनशे माणसं.

माझं काम शेवटचं. मशीन सरकत्या पट्ट्यावरून येतं, मी चार वायरी जोडतो, बटणं ठरलेल्या क्रमाने दाबतो, मोजायचं यंत्र हिरवं झालं की माझ्या नंबरची पट्टी चिकटवतो. माझा नंबर ६३.

काही मशीनमधले पंखे खराब येतात. कडेला घासतात. आपल्याकडे जाणारा माल मध्यंतरी माझ्याच हाताखालून गेला, पेट्यांवरची अक्षरं आपल्या भाषेतली होती. म्हणून म्हटलं बघून घे. एवढंच आहे.

तुझा
धाकटा


२२ फेब्रुवारी

दादा,

एवढंच नाहीये.

दोन पत्रं टाकली आणि दोन्ही वेळा पोस्टातून बाहेर आल्यावर वाटलं की अर्धं पाकिटाबाहेरच राहिलं. आता लिहितो. फाडून टाकायच्या आत टाकतो.

तू मला स्क्रूड्रायव्हरने ऐकायला शिकवलंस ते आठवतं? दुकानात कुणाचं मशीन तापून बंद पडलं की तू स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचास आणि मूठ कानाला लावायचास, डॉक्टरसारखी. मग मूठ माझ्या कानाला. "ऐक. सूं आवाज येतोय तोवर ठीक. मागे घर्र आलं की पंखा घासतोय. आज चालेल, उद्या चालेल, गर्दीच्या दिवशी तोंडावर पडेल." मला अक्षरं उशिरा आली, पण सूं आणि घर्र लगेच आलं. एवढ्यावरच तू मला हुशार म्हणायचास. दुसरं कुणी कधी म्हटलं नाही.

इथे मोजायचं यंत्र पंख्याचे फेरे मोजतं. फेरे बरोबर असले की हिरवं. घर्र त्याला कळत नाही. मला कळतं. सुरुवातीला मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचो आणि घर्रवाली बाजूला काढायचो. शेजारचे हसायचे, "हा बघा, मशीनला ताप आलाय का बघतोय." पण आमच्या लाइनवर देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, "याला हसू नका, याचा कान सोन्याचा आहे." दादा, मी त्या दिवशी दोन वेळा जेवलो.

मग लाल कंपनीचं नवीन मशीन लांबणीवर पडलं. निळ्यांनी जेवणघरात गोंधळ घातला. एकाने लाल टोपी ताटात ठेवली आणि तिच्यावर आमटी ओतली. सगळे हसले. मीही हसलो, दादा. निळी टोपी होती ना डोक्यावर. हसावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि पहिलंच मशीन घर्र करत होतं. मी ऐकलं, आणि पट्टी लावली. पास.

मग तेच केलं. तीन आठवडे. रोज सगळी नाही, पण लावली. वाटलं, जाऊ देत निळी मशीनं जगभर, पडू देत तोंडावर, मग कळेल कोणाची इस्त्री आहे. मला वाटायचं मी लढतोय. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. लाल कंपनीला मी आहे हेसुद्धा माहीत नाही. तरी वाटायचं.

एक दिवस पेटीवर आपली अक्षरं दिसली आणि हात थांबला. पण तोवर बरीच गेली होती. पुढच्याच महिन्यात आई म्हणाली, चार डबे.

पंधरा तारखेला दोन्ही बाजूंची पोरं दुकानात असतील. तू निळ्यांतर्फे बसशील. आणि मधेच पडदा काळा होईल, आणि लालवाले हसतील. दादा, ते होऊ देऊ नकोस. पट्ट्या बघ. तुला माझ्यामुळे दुसऱ्यांदा

हे वाक्य अर्धंच राहू दे.

तुझा
धाकटा


४ मार्च

दादा,

मी कबूल केलं. तुझ्याकडे नाही अजून, पूर्ण नाही, पण इथे केलं.

दुपारच्या सुट्टीत बाईंच्या टेबलाशी गेलो. त्या डबा खात होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, लाल माणूस आहे इथपासून. म्हटलं, कामावरून काढा, पोलिसात द्या, पण ती मशीनं परत मागवा.

बाईंनी घास संपवला. म्हणाल्या, "यंत्र हिरवं झालं होतं?"

"हो."

"मग पास आहेत."

"पण मला ऐकू आलं होतं, बाई."

"तुझा कान कागदावर कुठे लिहिलाय?" मग त्यांनी मला एक कागद दाखवला. त्यात म्हणे कंपनीने आधीच धरून ठेवलंय की शंभरातली दोन मशीनं परत येणार. तेवढ्याची सोय केलेली असते. "तू जी सोडलीस ती या दोनात बसतात," बाई म्हणाल्या. "तू नसतास तरी दोन आलीच असती. जा, हात धुऊन घे, पट्टा सुरू होईल."

मी जागचा हललोच नाही. मला वाटत होतं त्या ओरडतील. तीन आठवडे मी लढाई केली, दादा, आणि ती लढाई त्यांनी आधीच एका कागदावर लिहून ठेवली होती, माझं नाव न घालता. मग मी केलं ते काय होतं? मला खरंच कळत नाही. तुला कळलं तर सांग.

जाताना बाई म्हणाल्या, "आणि ऐक, एवढा लाल आहेस तर खाली जा. त्यांना माणसं हवीत." शिक्षा होती की बक्षीस, तेही कळलं नाही.

सोमवारपासून मी तिसऱ्या मजल्यावर आहे. डोक्यावर लाल टोपी. हा दिवस यावा म्हणून मी किती वेळा डोळे मिटून बघितलं होतं, आणि टोपी नुसती टोपीच निघाली. आत तोच घामाचा पट्टा. तीच चार वायरी, तोच बटणांचा क्रम.

आणि पंख्यांच्या पेट्या! त्याच आहेत, दादा. मालाच्या लिफ्टमधून येतात, निम्म्या चौथ्यावर जातात, निम्म्या इथे उतरतात. मी चौथ्यावर होतो तेव्हा लिफ्टच्या तोंडाशी कधी गेलोच नव्हतो. दुसऱ्याच दिवशी लाल मशीनला स्क्रूड्रायव्हर लावला आणि मागून आलं, घर्र. तोच आवाज. लाल मशीनमध्ये.

हात पट्टीवर होता. मग मी ते बाजूला काढलं. लाल मशीन मी नापास केलं. इथला मुकादम धावत आला, "यंत्र हिरवं आहे, तुला काय होतंय?" मी म्हटलं, "घासतोय." तो म्हणाला, "निळ्यांनी पाठवलंय का रे तुला?"

खालच्या पलंगावरचा जोडीदार आहे, त्याला आम्ही पेंगूळ म्हणतो, कुठेही झोपतो म्हणून. सहा वर्षं लाल टोपीत आहे, चमचे वाजवण्यात सगळ्यांत पुढे. त्याला मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "तू लाल कधीपासून?" तो म्हणाला, "टोपी दिली तेव्हापासून." "म्हणजे लहानपणी कुठलं मशीन होतं तुझ्याकडे?" तर म्हणतो, "मशीन? मी आयुष्यात कधी गेम खेळलेलो नाही. कसं खेळतात?" आणि कूस बदलून झोपला.

मग आमटी कुणावर ओतली होती, दादा?

तुझा
धाकटा


११ मार्च

दादा,

हे पत्र पंधरा तारखेच्या आत पोचणार नाही, मला माहीत आहे. तरी लिहितोय. कदाचित म्हणूनच लिहितोय.

मशीनचं सांगताना मी रिमोटचं सांगितलं नाही. मागे अर्धं वाक्य सोडलं ते हे.

दोन वर्षांपूर्वीचा सामना. लाल विरुद्ध निळे, फुटबॉल, कुठल्या मशीनवर खेळायचं याची चिठ्ठी टाकली तेव्हा माझं लाल मशीन निघालं. हरेल त्या बाजूचं मशीन पुढच्या फळीवरून उचलून मागे ठेवायचं, ही अट तुझीच होती. तू निळ्यांतर्फे बसलास. माझ्या लाल मशीनचे दोन रिमोट होते, एक चांगला आणि एक ज्याची दांडी ढिली झाली होती, हात न लावता डावीकडे सरकायची. ढिला मी खणात ठेवलाय असं सगळ्यांना सांगितलं होतं.

तो तुझ्या हातात मी दिला.

तुझा गोलकीपर सारखा डावीकडे जात होता. तू सामना झाल्यावर म्हणालास, "रिमोट ठीक नव्हता." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हरलास तर हरलास ना, दादा, रिमोटला कशाला नावं ठेवतोस?" सगळं दुकान हसलं. निळा बाकसुद्धा. तू तुझं मशीन स्वतः उचलून मागे नेऊन ठेवलंस, वायर नीट गुंडाळून.

मग सगळे गेल्यावर तू शटर अर्धं ओढलंस आणि हळू आवाजात विचारलंस, "खरं सांग. बदललास?" तू चिडलेला नव्हतास. "हो" म्हटलं असतं तर तू माझ्या डोक्यात टपली मारून जेवायला नेलं असतंस, मला आजही तसंच वाटतं. मी म्हटलं, "आईची शपथ, नाही."

तू कुलूप उचललंस. मी दुसऱ्या दिवशी निघालो. सगळ्यांना वाटतं भाऊ हरण्याजिंकण्यावरून तुटले. आईलाही तेच वाटतं. आणि ती गुडघा दुखतो म्हणाली की मी लगेच विचारतो, डॉक्टर काय म्हणाले? डॉक्टर म्हणाले वयामुळे आहे. असेल. पण शपथ मी घेतली होती.

मी हे लालसाठी केलं असं म्हणत आलो. आता लाल मशीन रोज उघडून बघतो. आत लाल काहीच नाही. बाहेरचं झाकण तेवढं.

तुझा
धाकटा


२२ मार्च

दादा,

आईचा फोन आला. दुकान उघडलं म्हणाली, गर्दी होती म्हणाली, कुणी जिंकलं ते तिला कळलं नाही. मी विचारलं, "डबे नीट चालले?" "का नाही चालणार? आदल्या दिवशी तो दिवसभर खाली बसला होता. चारही डबे उघडे. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून. मला म्हणे, आई, मिक्सर बंद कर."

मी विचारलं, "माझी पत्रं आली का गं?" म्हणाली, "आली. देवाशेजारच्या फळीवर आहेत." "उघडलेली?" "आता मी चष्मा कुठे ठेवलाय बघू का तुझी पाकिटं बघू?"

म्हणजे तू वाचलंस म्हणून ऐकलंस, की न वाचताच ऐकलंस? तू नवीन मशीन नेहमीच ऐकून घेतोस. मला कळत नाहीये, दादा. एकदा वाटतं वाचलंस. एकदा वाटतं तू तसाच आहेस, पत्राची तुला गरजच नव्हती.

आईला तुझ्या हातात फोन द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "तो हात धुतोय." बराच वेळ धूत होतास.

तुझा
धाकटा


५ एप्रिल

दादा,

पार्सल मिळालं.

खाली कार्यालयात घेतलं तेव्हा तुझं अक्षर बघून पेंगूळलाच म्हटलं, तूच उघड. त्याने उघडलं. आत रिमोट. लाल मशीनचा, ढिल्या दांडीचा, माझा. चिठ्ठी नाही. मी खोका उलटा करून झटकला, कागद उलगडले, चिठ्ठी नाही.

मग रिमोट उलटा केला. खाली एक हिरवी चिकटपट्टी लावलेली होती. नखाएवढी. शेवटी ६३.

म्हणजे एक होतं. त्या चारात माझं एक होतं, आणि तू ते ऐकलंस, आणि नीट केलंस, आणि त्याच्यावर खेळलास.

मग मी खोक्यावरचा पोस्टाचा शिक्का बघितला. सोळा मार्च. हे मी परत परत बघितलं, पेंगूळकडूनही वाचून घेतलं. रिमोटचं पत्र मी अकराला टाकलं. बारा दिवस. ते तुझ्याकडे तेवीसच्या आधी पोचलंच नसणार. तू सोळालाच रिमोट पाठवलास. ढिली दांडी, बदललेला रिमोट, सगळं तुला माझ्या सांगण्याच्या आधी माहीत होतं. कधीपासून, दादा? त्याच दिवशी उघडून बघितला होतास का? मला विचारलंस तेव्हाच माहीत होतं? माहीत असून विचारलंस?

मग ती शपथ तू कशी ऐकून घेतलीस?

मी दांडी हलवून बघितली. नवीन बसवलीस. तुझंच काम, स्क्रूच्या डोक्यावर एक ओरखडा नाही. निळ्या माणसाने लाल रिमोट दुरुस्त केला, हे इथल्या जेवणघरात सांगितलं तर चमचे वाजवायला कुणाला सुचणार नाही. डावीकडे ढकलून सोडली. मधोमध आली. उजवीकडे ढकलून सोडली. मधोमध आली. आज सुट्टी होती, पलंगावर बसून हेच करत होतो. पेंगूळ खालून म्हणाला, "तुझा तो खेळ सुरू झाला का?"

सेल घातले. दिवा लुकलुकायला लागला. त्याचं मशीन शोधत होता. मशीन तुझ्या दुकानात, कुठल्या फळीवर ते मला माहीत नाही. थोडा वेळ शोधून बंद झाला. मी परत चालू केला.

तू हा का पाठवलास ते मला कळत नाही. तुझी वस्तू तुझ्याकडे घे आणि आपला संबंध संपला, असंही असू शकतं. माणसं असं करतात, सामान पाठवून देतात. पण संपवायचं असतं तर दांडी कशाला नीट केली असती? ढिलीच पाठवली असतीस, ती जास्त लागली असती. मग वाटतं, तुला बिघडलेली वस्तू हातातून सोडवतच नाही, कुणाचीही असो. मी त्यात कुठे बसतो? बाईंच्या कागदावरच्या दोनात, की कुठे?

मला जूनमध्ये वीस दिवस सुट्टी मिळते. मी येणार आहे, ते तू काही म्हटलंस तरी. आईसमोर शपथ परत घ्यायची आहे, या वेळी खरी. ती ओरडेल, मग जेवायला वाढेल, तेवढं मला माहीत आहे. तुझं माहीत नाही.

तर एवढंच कळव. रिमोट येताना बरोबर घेऊन येऊ, की माझ्याकडेच ठेवू? फोन करू नकोस, नको असेल तर. रविवारी आईच्या फोनमध्ये मागून ओरडलास तरी मला ऐकू येतं. एक शब्द पुरे. आण, किंवा ठेव.

धाकटा